जंत, आतडे आणि सेरोटोनिन : देहातील एका मूक संवादाचा अभ्यास



वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला एक दृश्य परिचयाचे असते. सकाळची वंदना आटोपून मुले नाश्त्याच्या रांगेत उभी राहतात आणि एखादा मुलगा मात्र पोट धरून कोपऱ्यात बसून राहतो. अंगात ताप नसतो, कुठे जखम नसते, कालपर्यंत तो मैदानावर खेळतही असतो. अशा वेळी ‘अभ्यास टाळण्याचे सोंग’ किंवा ‘घरची आठवण’ ही दोन निदाने आपण चटकन करून टाकतो. कधी ती खरी असतात. पण कधी त्या पोटात डोळ्यांना न दिसणारा एक संघर्ष चाललेला असतो आणि त्याची भाषा आपल्याला ठाऊक नसल्यामुळे आपण त्या मुलावर अन्याय करतो. ती भाषा थोडीफार समजावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १५० कोटी माणसांच्या पोटात मातीतून पसरणारे जंत आहेत. त्यांचे मुख्य प्रकार तीन : गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. चाबूककृमी मोठ्या आतड्याच्या आरंभी, आपला दोऱ्यासारखा बारीक अग्रभाग आतड्याच्या अस्तरात रोवून राहतो. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते आणि लहान आतड्यात पोहोचल्यावर रक्तावर जगते. हे तिन्ही जीव आतड्यात दीर्घकाळ राहतात. परका जीव इतका काळ घरात राहतो, तेव्हा घर काय करते, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

आतडे : केवळ नळी नव्हे

अन्न पुढे ढकलणारी नळी, एवढीच आतड्याची ओळख आपल्याला शालेय पुस्तकातून होते. प्रत्यक्षात आतड्याच्या आतील अस्तर हे पेशींच्या एकाच थराचे असते आणि बाहेरचे जग व आपले रक्त यांच्यामध्ये तेवढाच पडदा उभा असतो. तळाशी असलेल्या मूलपेशींपासून नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि तीन ते पाच दिवसांत गळून पडतात. अखंड बदलत राहणाऱ्या या देहाला ‘अनित्य’ का म्हणावे, याचे याहून साधे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या थरातील सर्व पेशी सारख्या नसतात. बहुसंख्य पेशी अन्नरस शोषून घेतात. चषक पेशी चिकट श्लेष्म स्रवतात. टफ्ट पेशी संख्येने थोड्या असतात. त्यांच्या माथ्यावर केसांच्या झुबक्यासारखी रचना असते. आणि अगदी विरळ विखुरलेल्या, शेकडा एकाहूनही कमी असलेल्या पेशी म्हणजे एन्टेरोक्रोमाफिन पेशी. आपल्या विषयाचे केंद्र या पेशींतच आहे.

सेरोटोनिनचे जन्मस्थान

सेरोटोनिन म्हणजे ‘आनंदाचे रसायन’ अशी एक समजूत हल्ली रूढ झाली आहे. या रसायनाचा शोध मात्र मेंदूत लागला नाही. १९३० च्या दशकात इटलीतील संशोधक व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना आतड्याच्या एन्टेरोक्रोमाफिन पेशींमधून स्नायू आकुंचित करणारा एक पदार्थ मिळाला. त्याला त्यांनी ‘एन्टेरामिन’ असे नाव दिले. पुढे १९४८ साली अमेरिकेत मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज यांनी रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारा एक पदार्थ वेगळा केला आणि त्याला ‘सेरोटोनिन’ म्हटले. ही दोन्ही नावे एकाच पदार्थाची आहेत, हे त्यानंतर काही वर्षांनी सिद्ध झाले. १९५३ साली बेटी ट्वारॉग आणि पेज यांनी तो मेंदूतही असल्याचे दाखवले. म्हणजे इतिहासाच्या क्रमाने पाहिले, तर हा पदार्थ आधी पोटाचा आणि नंतर मेंदूचा आहे.

शरीरातील एकूण सेरोटोनिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक साठा आतड्यात असतो. आहारातील प्रथिनांमधून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून एन्टेरोक्रोमाफिन पेशी ते तयार करतात. अन्नाचा दाब पडला किंवा एखादे क्षोभक द्रव्य आले, की त्या सेरोटोनिन सोडतात. जवळच्या चेतातंतूंच्या टोकांवर त्याचे ग्राही असतात. ग्राही म्हणजे विशिष्ट संदेश ओळखणारे प्रथिन. कुलपाला जशी ठराविक किल्ली लागते, तसे हे नाते असते. संदेश पोहोचला की आतड्याचे स्नायू क्रमाने आकुंचन पावतात, पाणी व क्षार आतड्याच्या पोकळीत स्रवतात आणि काही संदेश मेंदूकडे जाऊन मळमळ किंवा वेदना जाणवते. कर्करोगावरील उपचारात होणारी उलटी थांबवण्यासाठी दिले जाणारे ऑन्डान्सेट्रॉन हे औषध यांपैकीच एका ग्राहीला अडवते.

संदेश दिल्यानंतर तो पुसणेही आवश्यक असते. शाळेची घंटा वाजतच राहिली, तर तिला अर्थ उरत नाही. हे पुसण्याचे काम अस्तरातील पेशींवर असलेले ‘सेरोटोनिन वाहक’ नावाचे प्रथिन करते. ते मोकळे सेरोटोनिन पेशीच्या आत ओढून घेते. वाहक कमी झाले तर संदेश रेंगाळतो आणि आतडे अधिक संवेदनशील होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा उपयोग होणार आहे.

पहारेकरी ग्राही

आतड्यात कोट्यवधी जीवाणू सुखाने नांदतात. त्यांतील कोण आपला आणि कोण परका, हे ओळखण्यासाठी पेशींवर वेगळ्या जातीचे ग्राही असतात. त्यांतील सर्वांत अभ्यासलेले म्हणजे ‘टोल-सदृश ग्राही’. ‘टोल’ हे जनुक मूळचे फळमाशीतले. बुरशीपासून माशीचे रक्षण करण्यात त्याचा वाटा आहे, हे जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवले. त्यानंतर दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने जीवाणूंच्या कवचातील विषारी घटक ओळखणारा सस्तन प्राण्यांतील ग्राही शोधला. तो टोल-सदृश ग्राही क्रमांक ४ होय. या कामासाठी दोघांना २०११ सालच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

हे पहारेकरी आणि सेरोटोनिन यांचा परस्परांशी संबंध आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशींवर जीवाणूंच्या कवचातील घटकाचा प्रयोग केला असता सेरोटोनिन वाहकाचे काम मंदावते, असे आढळले आहे. म्हणजे पहारेकऱ्याने हाक दिली, की घंटा पुसणारा हात आखडतो आणि घंटा अधिक वेळ वाजत राहते. प्रतिकार आणि पचन ही दोन खाती वेगळी नाहीत, याचा हा पुरावा आहे.

जंत आल्यावर काय घडते

जंत हा जीवाणूंप्रमाणे सूक्ष्म नसतो. कोणतीही एक पेशी त्याला गिळू शकत नाही. त्यामुळे त्याच्याशी लढण्याची रीतही निराळी असते : मारण्यापेक्षा धुऊन, ढकलून बाहेर काढणे.

या लढ्याची पहिली वर्दी टफ्ट पेशी देतात, हे २०१६ साली तीन स्वतंत्र संशोधनगटांनी दाखवले. जंताची चाहूल लागताच या पेशी इंटरल्यूकिन-२५ नावाचा संदेश पाठवतात. त्यामुळे अस्तराखालच्या काही प्रतिकारपेशी जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-१३ स्रवतात. हा दुसरा संदेश मूलपेशींपर्यंत पोहोचतो आणि त्या अधिक टफ्ट पेशी व अधिक चषक पेशी घडवू लागतात. अधिक टफ्ट पेशी म्हणजे अधिक वर्दी. असे हे चक्र स्वतःला बळ देत फिरू लागते. पुढे सहायक टी-पेशींचा दुसरा प्रकारही याच कामाला लागतो.

इंटरल्यूकिन-१३ च्या हुकमाने एकाच वेळी अनेक कामे होतात. श्लेष्म वाढते आणि त्याचा गुणधर्मही बदलतो. अस्तराच्या पेशी अधिक वेगाने वर सरकून गळू लागतात. सरकत्या जिन्यावर उभा असलेला माणूस जसा आपोआप पुढे नेला जातो, तसा अस्तरात रुतलेला चाबूककृमी पोकळीकडे लोटला जातो. स्नायूंचे आकुंचन जोरकस होते. आणि एन्टेरोक्रोमाफिन पेशींची संख्या व त्यांच्यातील सेरोटोनिनही वाढते.

हा शेवटचा दुवा उंदरांवरील प्रयोगांतून उलगडला. उंदरांच्या आतड्यात माणसाच्या चाबूककृमीचा एक भाऊबंद राहतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा संसर्ग उंदरांच्या दोन जातींना दिला. एक जात जंत बाहेर टाकणारी. दुसरी जात तो टाकू न शकणारी. जंत एकच आणि आतडेही सारखेच; पण जिथे दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशींचा प्रतिसाद प्रबळ होता, त्या प्रतिकारक्षम जातीत एन्टेरोक्रोमाफिन पेशी आणि सेरोटोनिन यांची वाढ अधिक झाली. एन्टेरोक्रोमाफिन पेशींवर इंटरल्यूकिन-१३ चा ग्राही असतो, हेही त्यांनी पुढे दाखवले. याचा अर्थ असा की प्रतिकारसंस्था या पेशींशी थेट बोलते.

ट्रायकिनेला नावाच्या दुसऱ्या एका कृमीच्या संसर्गात उंदरांच्या आतड्यात एन्टेरोक्रोमाफिन पेशी वाढल्या आणि त्याच वेळी सेरोटोनिन वाहक घटला. उत्पादन वाढले आणि पुसणे कमी झाले. म्हणजे संदेश दोन्ही बाजूंनी तीव्र झाला. जोराचे आकुंचन, पातळ शौच, पोटात येणारी कळ या साऱ्यांत या संदेशाचा वाटा असू शकतो. पोट धरून कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलाचे शरीर कदाचित सोंग करत नसते. ते काम करत असते.

जंतांचे प्रत्युत्तर

प्रतिकार इतका सुसज्ज असूनही जंत वर्षानुवर्षे कसे टिकतात? कारण तेही या संवादात भाग घेतात. उंदरातील चाबूककृमी ‘पी-४३’ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात स्रवतो. ते इंटरल्यूकिन-१३ ला चिकटून बसते आणि त्याचा संदेश वाटेतच अडवते. उंदरांच्या आतड्यातील दुसरा एक कृमी शरीराच्या स्वतःच्या शांतीसंदेशाची नक्कल करणारे प्रथिन बनवतो. पहारेकऱ्याला ‘सर्व ठीक आहे’ असा खोटा निरोप देण्यासारखेच हे आहे.

याहून आश्चर्याची गोष्ट टोल-सदृश ग्राहींची आहे. ज्या उंदरांत क्रमांक ४ चा ग्राही जन्मतःच नाही, ते उंदीर दुबळे ठरतील असे वाटते. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच उंदरांनी चाबूककृमी बाहेर टाकला आणि ज्यांच्याकडे हा ग्राही होता, त्यांच्यात जंत टिकून राहिला. कारण या ग्राहीचा संदेश प्रतिकाराला जीवाणूविरोधी वळणावर नेतो आणि जंताविरुद्ध उपयोगी पडणारे वळण मागे पडते. शस्त्र चांगले की वाईट, हे शत्रू कोण यावर ठरते. शिवाय चाबूककृमीची अंडी उबून अळी बाहेर येण्यासाठी आतड्यातील जीवाणूंचा स्पर्श लागतो, हेही २०१० साली सिद्ध झाले. जंत, जीवाणू, पेशी आणि चेतातंतू यांपैकी कोणीही एकटा उभा नाही. सर्व काही परस्परावलंबनाने उत्पन्न होते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार ज्याने अभ्यासला आहे, त्याला हे जाळे परके वाटणार नाही.

संसर्गाची मात्राही निर्णायक असते. उंदरांना एकदम पुष्कळ अंडी दिली तर प्रतिकार जागा होऊन जंत बाहेर पडतात. थोडीच अंडी दिली तर त्यांना पुरेसा प्रतिकार होत नाही आणि ते मुक्काम करतात. आपल्या मुलांच्या पोटात एका दिवशी मूठभर अंडी जात नाहीत. नखांतून, न धुतलेल्या भाजीतून, मातीच्या हातातून ती थोडी थोडी जातात. म्हणूनच हा रोग गाजावाजा न करता मुरतो.

काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही

अभ्यासकाने दोन ठिकाणी सावध राहावे. पहिले असे की आतड्यातील सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर त्याला अडवतो. म्हणून ‘पोटात जंत झाल्याने आनंदाचे रसायन घटते आणि मूल उदास होते’ असे सरळ समीकरण मांडणे चूक आहे. मूल मलूल दिसते त्याची ठाम कारणे वेगळी आहेत : अंकुशकृमीमुळे होणारा रक्तक्षय, भूक मंदावणे, कुपोषण, सततची पोटदुखी. दुसरे असे की वरील बहुतेक निष्कर्ष उंदरांवरील व पेशींवरील प्रयोगांचे आहेत. माणसाच्या आतड्यातही हीच साधने आहेत. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. कोणतीही गोष्ट केवळ ऐकीव म्हणून न स्वीकारता तपासून घ्यावी, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण विज्ञानालाही तंतोतंत लागू पडते.

विनयातील शिकवण आणि आपले वसतिगृह

देहात इतर जीव राहतात, ही जाणीव बौद्ध परंपरेला नवी नाही. सतिपट्ठान सुत्तात देहाच्या घटकांचे निरीक्षण करताना आतड्याचाही समावेश आहे. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात, मरणाच्या अनुस्मृतीचे विवेचन करताना, हा देह ऐंशी कृमिकुलांचे समाईक घर असल्याचे सांगितले आहे. ही संख्या प्रयोगशाळेतील नव्हे. पण ‘माझे’ म्हणून मिरवलेले शरीर केवळ माझे नाही, ही दृष्टी त्यात आहे.

विनयाचे नियम तर अधिक व्यवहारी आहेत. हिरव्या पिकावर वा गवतावर आणि पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, असे भिक्खूंसाठीचे नियम आहेत. शौचकूप कसा वापरावा व स्वच्छ ठेवावा याची कर्तव्ये चुल्लवग्गात दिली आहेत. गाळलेले पाणी वापरण्यासाठी गाळणी बाळगण्याची अनुज्ञाही तिथेच आहे. या नियमांमागे संघाची शिस्त, लोकांचा आदर आणि जीवदया असे हेतू होते. जंतांच्या अंड्यांचे ज्ञान त्या काळी नव्हते. पण पाणी आणि पीक मळापासून दूर ठेवले, की जंताचे जीवनचक्र नेमके तिथेच तुटते. गोलकृमी व चाबूककृमी यांची अंडी शौचातून बाहेर पडताच संसर्गक्षम नसतात. ओलसर, सावलीच्या मातीत काही आठवडे गेल्यावर ती तशी होतात. मळ मातीत पडलाच नाही, तर त्यांना ही मुदत मिळत नाही.

म्हणूनच जंत हा गरिबाचा दोष नव्हे. तो शौचालय आणि स्वच्छ पाणी यांच्या अभावाचा परिणाम आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणुसकीच्या समान हक्कासाठी. त्या हक्काचा एक अर्थ आरोग्याचाही आहे, हे आपण विसरू नये.

भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दिवशी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. दोन वर्षांवरील मुलांसाठी मात्रा ४०० मिलिग्रॅमची, त्याहून लहानांसाठी निम्मी. हे औषध जंताच्या पेशींतील सूक्ष्म नलिकांची रचना मोडते आणि जंत उपासमारीने मरतो. गोळी चावून खावी. मात्र तिच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. चाबूककृमीवर एका गोळीचा परिणाम अपुरा पडतो आणि माती तशीच राहिली तर जंत पुन्हा येतात. गोळी घर झाडते. दार लावण्याचे काम आपले असते.

वसतिगृहात आणखी एक जंत विशेष त्रास देतो : सुतासारखा बारीक, पांढरा, रात्री गुदद्वाराशी खाज आणणारा. त्याला मातीची गरज नसते. त्याची अंडी काही तासांतच संसर्गक्षम होतात आणि नखे, अंथरूण, कपडे यांतून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून एकाला झाला तर खोलीतील सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात आणि वैद्यकीय सल्ल्याने दोन आठवड्यांनी ते पुन्हा द्यावे लागतात. इथे एकट्याची स्वच्छता पुरत नाही. संघाची स्वच्छता लागते. नखे कापणे, शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पायांत चपला घालणे, कोशिंबिरीच्या भाज्या धुऊन घेणे, चादरी गरम पाण्यात धुणे ही कामे क्षुल्लक वाटतात. पण पेशींच्या पातळीवर चालणारी दीर्घ लढाई त्यांमुळे सुरूच होत नाही.

समारोप

महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू आपल्याच मळात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिले नव्हते. विहारांची पाहणी करताना भगवान बुद्ध स्थविर आनंदांसह तिथे आले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. नंतर त्यांनी संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्या प्रसंगात बुद्धांनी त्या भिक्खूला आधी विचारले होते, तुला काय होते आहे आणि तुझी काळजी घेणारा कोणी आहे का. सेरोटोनिन, ग्राही आणि इंटरल्यूकिन यांचा एवढा अभ्यास करून आपण शेवटी याच दोन प्रश्नांपाशी येतो. पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाला ‘सोंग करू नकोस’ असे म्हणण्याआधी हे दोन प्रश्न विचारावेत, त्याची शौचतपासणी व रक्ततपासणी करून घ्यावी आणि त्याच्या शेजारी थोडा वेळ बसावे. विज्ञान आपल्याला त्या दुखण्याचे कारण सांगते. त्याच्याजवळ जाऊन बसणे आपल्यालाच करावे लागते.